पुस्तकांतले वडील

गेल्या मे महिन्यांत आमची नात सुटीसाठीं पुण्याहून परभणीस आली होती. ऊन उतरेपर्यंत तिला अंगणांतहि पाऊल टाकूं द्यावयाचें नाहीं, असा तिच्या आजीचा सक्त हुकूम असल्यामुळें तिनें आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे मोर्चा वळविला, आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ काढून माजघराच्या गार फरशीवर पालथी पडून ती वाचूं लागली. चार दिवसांनीं तिनें आम्हांस विचारलें, “आजोबा, ‘श्यामची आई’ असें पुस्तक आहे, मग ‘श्यामचे वडील’ असें पुस्तक कां नाहीं?”

आमचा जन्म संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेला. प्रश्न कानांवर पडतांच उत्तर देण्याची मास्तरांची खोड निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. तरी ह्या प्रश्नापुढें आम्ही थबकलों, आणि “असेल, शोधूं या” असें एक मास्तराला न शोभणारें उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुलगी खेळावयास गेली. आम्ही मात्र त्या शोधांत अडकलों तें अद्याप अडकलेलेच आहों.

श्यामला वडील नव्हते असें अर्थातच नाहीं. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तकांत ते जागोजागीं आहेत. घरांत त्यांस ‘भाऊ’ म्हणतात. खोताचें घराणें, एके काळची बरी स्थिति; पुढें भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, कर्ज, आणि दारांत येऊन बसणारा सावकाराचा माणूस. आईचा शब्दन् शब्द श्यामनें जपून ठेवला आहे. भाऊंचे शब्द त्या मानानें थोडे. परंतु अळणी भाजीची गोष्ट वाचकांस आठवत असेल. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. भाऊंच्या तें तत्काळ ध्यानांत येतें, पण ते बोलत नाहींत. उलट भाजी गोड लागत असल्याप्रमाणें खातात, आणि मुलेंहि तेंच करतात. पुरुषांचीं व मुलांचीं पानें आधीं उठावयाचीं व घरच्या बाईनें मागून जेवावयाचें, ही त्या काळची रीत. म्हणूनच ही गोष्ट घडूं शकली. आई स्वतः पानावर बसते, तेव्हां तिला कळतें. आमचें मत असें कीं, नात विचारीत होती तें ‘श्यामचे वडील’ नांवाचें पुस्तक हेंच. तें फार तर तीन-चार पानांचें आहे, आणि आईच्या पुस्तकाच्या पोटांत दडलेलें आहे.

तें दडलेलेंच कां असावें? आमच्या भाषेकडे पाहिलें तर थोडा उलगडा होतो. मराठी मूल आईस ‘तूं’ म्हणतें आणि वडिलांस ‘तुम्ही’. निदान आमच्या पिढीपर्यंत तरी ही वहिवाट अभंग होती. आम्ही वर्गांत ह्यास आदरार्थी बहुवचन म्हणून शिकवीत आलों. तें आदराचें खरें, पण अंतराचेंहि आहे. ‘वडील’ ह्या शब्दाचेच पाहा : त्याचा अर्थ बाप, आणि नुसता वयानें मोठा असाहि. म्हणजे बापाला बाप म्हणून स्वतःचा असा शब्दहि आम्हीं ठेवला नाहीं. जो कोणी मोठा, तो वडील. मग गोष्टी लिहिणारानें वडिलांस पाहावयाचें तरी कोठून? उंबऱ्याच्या आंतून, ओसरीवर ऐकूं येणाऱ्या खांकरण्यावरून, उतरून ठेवलेल्या जोड्यावरून.

हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तिच्यांतील यमू आपली कथा आपणच सांगते, आणि तिचे वडील आपणांस दिसतात ते असे उंबऱ्याच्या आंतूनच. त्यांच्या रागाच्या धाकांत सारें घर आहे. यमूची आई जाते, आणि लौकरच ते पुनः बोहल्यावर चढतात. पुढें सासरीं शंकरमामंजी नांवाचे दुसरे एक ‘वडील’ भेटतात. त्यांच्याविषयीं जितकें थोडें लिहावें तितकें बरें. तरुणपणीं ही कादंबरी वाचली तेव्हां यमूच्या वडिलांचा आम्हांस संताप आला होता. स्वतः बाप झाल्यावर पुनः वाचली, तेव्हां संताप गेला नाहीं, पण त्यांत भीति मिसळली. आपल्या घरांतल्या यमूनें आपल्याविषयीं काय काय टिपून ठेवलें असेल? हरिभाऊ स्वतः लहानपणींच मातृहीन झालेले व काकांच्या छायेंत वाढलेले. हे काका म्हणजे पुण्यास १८८८ सालीं आनंदाश्रम स्थापन करणारे महादेव चिमणाजी आपटे. ज्या आनंदाश्रमाच्या ग्रंथांवर आमच्यासारख्यांचा पिंड पोसला, त्याची व्यवस्था हरिभाऊच पाहात. घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे मुलें कोणत्या डोळ्यांनीं पाहतात, हें त्यांस परक्याकडून शिकावें लागलें नसेल.

वाईट बापांचें सविस्तर वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं; पण दोघांस टाळून पुढें जातां येत नाहीं. पहिला देवलांच्या ‘शारदा’ नाटकांतील (१८९९) कांचनभट. पैशासाठीं पोटची मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यांत बांधावयास निघालेला हा बाप राक्षस नव्हे, तो हिशेबी गृहस्थ आहे. आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो. (१९२९ चा बालविवाहाचा कायदा ह्या शारदेच्या नांवाचा, असें मानणारे पुष्कळ भेटतात. तो हरबिलास सारडा ह्यांच्या नांवाचा. गैरसमज खरा, पण शारदेवर त्यानें कांहीं अन्याय होत नाहीं.) दुसरा ययाति. महाभारतांत त्याच्या पांच पुत्रांपैकीं चौघे बापाची जरा घेण्यास नकार देतात, व धाकटा पूरु आपलें तारुण्य देतो. खांडेकरांनीं १९५९ सालीं त्यावर कादंबरी लिहिली, आणि ती घरोघर गेली. लोक ती शृंगाराची किंवा वैराग्याची म्हणून वाचतात. आम्हांस मात्र ती वाचतांना पालकसभा आठवतात. आपलें हुकलेलें तारुण्य मुलाच्या गुणपत्रिकेंतून वसूल करूं पाहणारे बाप आम्हीं इतके पाहिले आहेत कीं, ययातीसाठीं पुराणांत जाण्याची गरज नाहीं. त्या सभांत खुर्चीच्या ह्या बाजूस आम्ही बसत होतों, एवढाच काय तो फरक.

शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आला तो १९७० च्या डिसेंबरांत. नाटक म्हणजे कथा-कादंबरी नव्हे हें आम्हांस ठाऊक आहे. पण आप्पासाहेब बेलवलकरांस वगळून ह्या विषयावर लिहिणें म्हणजे विठोबास वगळून पंढरीचें वर्णन करणें होय. आमच्या सायंकाळच्या निवृत्तमंडळींत ह्या नाटकाचा उपयोग कायद्याच्या पुस्तकासारखा होतो. “आप्पा बेलवलकरानें काय केलें, ठाऊक आहे ना? तेव्हां जिवंतपणीं घर कोणाच्या नांवावर करूं नका.” शेक्सपीअरच्या लिअर राजापासून निघालेली एवढी थोर गोष्ट, आणि तिचें सार काय, तर खरेदीखत जपून ठेवा! आमच्या मतें आप्पासाहेबांची चूक इस्टेट वाटण्यांत नव्हती. त्यांनीं घर दिलें, पैसा दिला, पण रंगमंच दिला नाहीं. मुलांनीं आतां आपले प्रेक्षक म्हणून बसावें, अशी त्यांची अपेक्षा राहिली. आणि मुलांच्या घरांत दुसरेंच नाटक चाललेलें होतें. मुलें निर्दोष आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण शेवटीं रस्त्यावर त्यांस आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा नांवाचा पोरगा. त्याला त्यांच्याकडून कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि त्यांसहि त्याच्यावर हक्क सांगावयाचा नाहीं. रक्ताच्या नात्यांत जें बिनसलें तें येथें जुळतें. आमच्या मंडळींत हें मत मांडलें तेव्हां एका गृहस्थांनीं विचारलें, “म्हणजे तुम्हीं घर मुलांच्या नांवावर केलें कीं काय?” केलेलें नाहीं, हें येथें प्रांजळपणें नमूद करतों.

आतां आमच्या अभ्यासाच्या विषयाकडे वळतों. शाकुंतलाचा चौथा अंक आम्हीं किती वर्षें शिकविला ह्याची गणना नाहीं. कण्व हा शकुंतलेचा जन्मदाता नव्हे. टाकून दिलेलें मूल उचलून आणून वाढविणारा तो पालक पिता. मुलगी सासरीं निघते तेव्हां ह्या अरण्यवासी तपस्व्याचा कंठ दाटतो. आपली ही अवस्था, तर संसारी बापांचें काय होत असेल, असें त्याच्या मनांत येतें. ती दृष्टीआड झाल्यावर तो म्हणतो कीं, कन्या ही दुसऱ्याची ठेव, ती परत केल्यानें मन हलकें झालें. हें तत्त्वज्ञान आम्ही फळ्यावर अन्वय मांडून मोठ्या गांभीर्यानें समजावून देत असूं. पुढें आमच्या मुलीचें लग्न झालें, व तिला पोंचवावयास आम्ही परभणीच्या स्टेशनावर गेलों. गाडी सुटेपर्यंत आम्हीं तिला एकच प्रश्न तीनदां विचारला, “पेटीचें कुलूप नीट लागलें आहे ना?” दुसरें कांहीं सुचलेंच नाहीं. परतीच्या वाटेवर मन हलकें वगैरे कांहीं झालें नाहीं, आणि तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं कण्वाचें तें वाक्य सिद्धान्त नव्हे. तो म्हातारा स्वतःची समजूत काढीत आहे. दुसऱ्या वर्षापासून तो श्लोक आम्ही निराळ्या रीतीनें शिकवूं लागलों. कुलपाची गोष्ट मुलीनें आपल्या मुलीस सांगितली आहे, आणि ह्या सुटींत नातीनें तिची नक्कलहि करून दाखविली.

परंतु ज्या पित्याचा आम्हांस कधींच विसर पडला नाहीं, तो माणूस नव्हेच. बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून मराठीनें ‘कादंबरी’ हा शब्द उचलला (हिंदी-बंगाली लोक ‘उपन्यास’ म्हणतात, गुजराथी ‘नवलकथा’), त्या मूळ ‘कादंबरी’च्या प्रारंभींच एक म्हातारा पोपट येतो. पंपासरोवराच्या कांठीं जुनी सांवर, तिच्या ढोलींत हा राहतो. पिलाला जन्म देतांना त्याची जोडीदारीण मेली. ह्याला वार्धक्यानें उडवत नाहीं. पंखांचीं पिसें झडलेलीं. दुसऱ्यांच्या घरट्यांतून खालीं पडलेले साळीचे दाणे व फळांचे तुकडे वेंचून तो पिलाला भरवितो, आणि उरलेलें आपण खातो. एके दिवशीं शिकार न मिळालेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो व ढोलींतून पक्षी ओढून काढून त्यांच्या माना मुरगळतो. हा पोपट पळूं शकत नाहीं. तो पिलाला आपल्या गळलेल्या पंखांखालीं झांकून बसतो, एवढेंच त्याच्या हातीं असतें. शबर त्याला ठार करून खालीं टाकतो; पंखाखालचें पिलूं त्याला दिसत नाहीं. तें बापाच्या देहाबरोबर वाळल्या पाचोळ्यावर पडतें आणि वांचतें.

येथवर कोणीहि चांगला लेखक आला असता. बाण पुढें जातो. पिलूं आपल्या मेलेल्या बापाजवळून सरपटत दूर जातें, कारण त्याला भय वाटतें. आणि मग त्याला तहान लागते. पुढें मोठा झाल्यावर ही कथा सांगतांना तो पोपट स्वतःला दोष देतो : ज्यानें माझ्यासाठीं प्राण दिला त्याला त्याच क्षणीं विसरून मी पाण्याच्या शोधांत निघालों, किती मी कृतघ्न! आईवेगळ्या बाणास त्याच्या वडिलांनीं, चित्रभानूंनीं, वाढविलें, व बाण चौदा वर्षांचा असतांना तेहि गेले, हें त्यानेंच हर्षचरितांत लिहून ठेवलें आहे. तेव्हां ह्या पोपटाची तहान कोणाची, हें सांगावयास टीकाकार नको. ह्याच बाणाला ‘कादंबरी’ पुरी करतां आली नाहीं. तो मध्येंच वारला आणि ग्रंथ त्याच्या मुलानें पुरा केला. त्या मुलाचें नांव कोणी भूषणभट्ट सांगतात, कोणी पुलिंद. उत्तरभागाच्या आरंभीं तो म्हणतो कीं, कथा तुटल्याचें सज्जनांस दुःख झालें म्हणून हें हातीं घेतलें, कवित्वाच्या गर्वानें नव्हे. मुलाचें संस्कृत बापाच्या तोडीचें नाहीं, हें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं. आतां वाटतें, तें सांगण्याची घाई नव्हती.

वडिलांचें नांव पुढें नेण्याचा निराळा प्रकार आमच्या परभणीनेंहि पाहिला आहे. कवि व कादंबरीकार बी. रघुनाथ (१९१३–१९५३) हे येथलेच. त्यांचें पूर्ण नांव भगवान रघुनाथ कुलकर्णी. लेखनासाठीं त्यांनीं आडनांव टाकलें आणि वडिलांचें नांव ठेवलें. निजामी राजवटींत सरकारी बांधकामखात्यांत नोकरी करीत त्यांनीं ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगांवचे चौधरी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. ह्या मुलखांत त्या वेळीं कचेरीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूंतून, आणि मराठी ती घरची. पोटासाठीं एक लिपि व मनासाठीं दुसरी, असें त्या पिढीचें जिणें होतें.

आमचे वडील त्याच पिढीच्या शेंपटास. घरांत सर्व त्यांस ‘नाना’ म्हणत. उर्दूंतून शिकून ते तहशील कचेरींत कारकून झाले. १९४८ सालीं संस्थान गेलें, पुढें महाराष्ट्र झाला, कचेरीचीं कागदपत्रें मराठींत आलीं. नानांनीं तीहि भाषा वळविली. घरचा हिशेब मात्र ते अखेरपर्यंत उर्दूंतच, उजवीकडून डावीकडे, लिहीत. आम्हांस ते फारसे बोलल्याचें आठवत नाहीं. पुस्तक किंवा प्रगतिपत्रक घेऊन जावें, तर ते कपाळास आंठ्या घालून, डोळे बारीक करून, कागद दूर धरून पाहात. तो चेहरा आम्हीं रागाचा मानला होता. कागद हातांत देऊन आम्ही उंबऱ्याशींच उभे राहात असूं व परत मिळतांच पळत असूं. नानांचा राग हा आमच्या बालपणींच्या घरांतला एक सिद्ध पदार्थ होता; त्याविषयीं भावंडांत कोणाचें दुमत नव्हतें.

नाना गेल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या पत्र्याच्या पेटींत राहिल्या. बाणाचें लांबलचक समासांचें गद्य आम्ही सहज लावीत होतों. स्वतःच्या वडिलांचें अक्षर आम्हांस वाचतां येत नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं, निवृत्त झालेले आमचे एक उर्दूचे शिक्षकमित्र सहज घरीं आले असतां, आम्हीं एक वही त्यांच्यापुढें ठेविली. ती निघाली १९७२-७३ ची, मोठ्या दुष्काळाच्या सालची. आम्हीं शाळेंत नुकतेंच संस्कृत घेतलें होतें तेव्हांची. मित्र वाचीत गेले : ज्वारी, रॉकेल, मीठ, शाळेची फी. एका महिन्याच्या शेवटीं ओळ होती, “ऐनक, आइंदा माह.” म्हणजे चष्मा, पुढील महिन्यांत. पुढील महिन्याच्या शेवटीं पुनः तीच. त्याच्या पुढच्या महिन्यांतहि तीच. मित्र हंसून म्हणाले, “तुमच्या वालिदसाहेबांचा चष्मा कांहीं येत नाहीं.” मग एका पानावर ते थांबले व त्यांनीं वाचलें, “संस्कृत लुगत, मार्फत मास्तरसाहेब.” लुगत म्हणजे शब्दकोश. पुढें रक्कम होती. ती किती हें सांगण्यांत अर्थ नाहीं, पण तिच्यांत चष्मा येऊन वर कांहीं उरलें असतें.

वामन शिवराम आपटे ह्यांचा संस्कृत कोश आमच्यापाशीं तेव्हांपासून आहे. तो आम्हांस आमच्या गुरुजींनीं बक्षीस म्हणून दिला, असें आम्ही पन्नास वर्षें समजत होतों. कित्येक वर्गांत तसें अभिमानानें सांगितलेंहि होतें. गुरुजींनीं कांहीं सांगितलें नाहीं, नानांनीं सांगितलें नाहीं. चष्मा पुढें केव्हां आला हें त्या वहींत नाहीं. पुढची वही कसरीनें खाल्लेली आहे.

ही हकीकत आम्हीं नातीस सांगितली नाहीं. तिला अळणी भाजीची गोष्ट काढून दिली व म्हटलें, “हे बघ श्यामचे वडील.” तिनें ती लक्षपूर्वक वाचली आणि म्हणाली, “पण आजोबा, भाऊंना मीठ नाहीं हें कळलेंच नसेल तर? आमच्या बाबांना कुठें कळतें!” स्वयंपाकघरांतून तिच्या आजीचा आवाज आला, “आणि ह्यांना तरी कुठें कळतें?”

त्या रात्रीं आमटी चांगलीच खारट झाली होती. आम्हीं ती दुसऱ्यांदा मागून घेतली. नातीनें एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि आपलीहि वाटी पुढें केली.